गोल्फ कोचिंगचं दहा सेशनचं पॅकेज: पैसे वसूल झाले, पण भलत्याच सेशन्समध्ये

आधीच सांगतो, जागेचं नाव टाकणार नाहीये. पुण्याच्या बाहेर जरा लांब एक ड्रायव्हिंग रेंज (गोल्फचे शॉट मारायच्या सरावाची जागा) आहे, तिथलं दहा सेशनचं पॅकेज घेतलं होतं मी, १८,००० रुपये, वर जीएसटी, आणि बॉलचे पैसे वेगळे. कोच एक नंबर आहे आणि ऑफिस एकदम भंगार. नाव टाकलं तर ऑफिसवाले राग कोचवर काढणार, त्यामुळे राहू दे. तुम्ही दुसरीकडे कुठे शिकायला जाणार असाल तरी यातलं बरंचसं कामाला येईल.

माझं वय ४८. चार वर्षांपूर्वी कंपनीच्या टूर्नामेंटला चौथा माणूस कमी पडत होता म्हणून मला उभं केलं आणि तेव्हापासून हा किडा चावला तो चावलाच. स्कोअर कायम १०५ ते ११२ च्या मध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नेहमीचा कोर्स ७२ पारचा असतो, म्हणजे चांगला खेळाडू १८ होल ७२ शॉटमध्ये संपवतो आणि माझ्यासारखे लोक त्यात अजून अर्धा राऊंड जास्तीचा खेळून येतात. माझं एकच स्वप्न होतं, शंभरच्या आत यायचं. बस. त्यासाठी काय काय नाही केलं, रात्री दोन दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले, एक म्हणतो कोपर आत ठेव, दुसरा म्हणतो कोपर विसर आणि कंबर फिरव, तिसरा म्हणतो मनगट, शेवटी टी बॉक्सवर (होलचा पहिला शॉट मारतात तिथे) उभं राहिलं की डोक्यात सगळे एकदम ओरडायला लागायचे आणि बॉल जायचा उजवीकडच्या झाडीत. एक वाकडा लवचिक स्विंग ट्रेनर पण मागवला होता ऑनलाइन, तो सध्या दाराच्या मागे छत्र्यांबरोबर उभा आहे.

तर पॅकेज घेतलं तेव्हा मला वाटलं होतं की कोच माझा स्विंग दुरुस्त करणार. पहिली तीन सेशन तसंच चाललं, ग्रिप बघितली, उभं राहायची पद्धत बदलली, खांदे वाकडे पडत होते ते जमिनीवर काठ्या ठेवून सरळ केले. ठीक होतं, वाईट नव्हतं, पण खरं सांगायचं तर हे कुठलाही कोच शिकवतो आणि यातलं निम्मं मी विसरलो पण. त्यात रेंजवरच्या मॅट इतक्या झिजलेल्या की खालचं काळं रबर दिसतं. आणि मॅटची एक गंमत असते, तुम्ही बॉलच्या दोन इंच मागे जमिनीत मारलंत तरी क्लब (मारायची स्टिक) घसरत पुढे जातो आणि बॉल बऱ्यापैकी उडतो, तुम्हाला वाटतं वा काय मारला, तोच शॉट कोर्सवर मारला की मातीचा गठ्ठा उडतो आणि बॉल दहा यार्डवर. मे महिन्यात तर आपल्याकडची जमीन अशी वाळते की मनगटाला झिणझिण्या येतात. रेंजचे बॉल पण घासून गुळगुळीत झालेले, ते तसेही कमी अंतर जातात, त्यामुळे तिथे मोजलेल्या आकड्यावर विसंबू नका.

चौथ्या सेशनपासून खरी मजा सुरू झाली. कोचने विचारलं, सर तुमचा सात नंबर किती जातो? सात नंबर म्हणजे मधल्या अंतराचा लोखंडी क्लब. मी म्हणलं १५० यार्ड. अगदी छाती काढून. तो हसला नाही, त्याने काय केलं, माझे स्वतःचे २० बॉल आणायला लावले आणि रेंजच्या कडेला जे गवताचं मैदान आहे तिथे एकामागून एक मारायला लावले, आणि मग आम्ही दोघं चालत जाऊन प्रत्येक बॉल कुठे पडलाय ते लेझरने मोजून वहीत लिहिलं. एक बॉल खरंच १५२ गेला होता. एकच. दोन टॉप होऊन (बॉलच्या डोक्यावर लागून) ९० च्या आसपास मेलेले. बाकीचे ११५ ते १४० मध्ये कुठेही, आणि रुंदीत बघाल तर डावीकडच्या आणि उजवीकडच्या टोकात जवळपास ४० यार्डचं अंतर. सरासरी निघाली १२८.

मला एवढी लाज वाटली ना. तो म्हणाला, "सर, आमच्या गावी कोंबड्यांना ज्वारी टाकतात बघा, मूठभर, ती कुठे एका जागी पडते का? पसरतेच. तुमचा शॉट म्हणजे ती मूठ आहे. तुम्ही दाणा नेम धरून मारायला बघताय." हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. हा माणूस कॅडी (खेळाडूची बॅग उचलणारा) म्हणून सुरुवात करून कोच झालाय, आपल्याकडे अशी बरीच चांगली मंडळी तिथूनच वर आलीत, आणि त्याला इंग्रजीतले जड शब्द येत असूनसुद्धा तो वापरत नाही हे मला फार आवडलं.

मग त्या मुठीवरून त्याने पुढचं सगळं लावून दाखवलं. म्हणजे होलचा झेंडा उजवीकडे बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) मागे असेल तर मी आजपर्यंत झेंड्यावरच नेम धरायचो, आणि माझी मूठ तशीही उजवीकडे सांडते, म्हणजे निम्मे दाणे बंकरमध्ये जाणारच होते, त्यात नशिबाचा काही संबंधच नाही. नेम ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) मधोमध किंवा जरा डावीकडे धरला की तेच वाकडे शॉट ग्रीनवर किंवा निदान गवतात पडतात. स्विंग तोच, हात तेच. एक पार तीन (तीन शॉटमध्ये संपवायचा होल) आहे, १४५ यार्ड, ग्रीनच्या आधी तळं, पाणी ओलांडायलाच १२५ यार्ड उडवायला लागतात. तिथे मी चार वर्षं सात नंबर काढत होतो, कारण माझा सात नंबर "१५० जातो". सरासरी १२८, म्हणजे जेमतेम काठावर, आणि जरा कच्चा लागला की डुबुक. किती बॉल वाहिलेत त्या तळ्याला, संकष्टीला दूर्वा वाहाव्या तसे. आता तिथे मुकाट हायब्रिड (सात नंबरहून लांब जाणारा क्लब) काढतो. लांब गेला तर मागे मोकळी जागा आहे, जाऊ दे लांब.

पण पॅकेजमधलं सगळ्यात भारी म्हणजे कोर्सवरची सेशन, दहामधली फक्त दोन. पहिल्यांदा गेलो तेव्हा हा पठ्ठ्या एक शब्द बोलला नाही, नुसता बरोबर चालत होता आणि लिहीत होता. मला वाटलं आपले पैसे पाण्यात. मी १०९ मारले. मग कँटीनमध्ये चहा आणि भजी घेऊन बसलो (भजी खरंच चांगली असतात, त्या जागेतली ऑफिसबाहेरची प्रत्येक गोष्ट चांगली आहे) आणि त्याने वही समोर ठेवली. ४१ पुट (ग्रीनवर बॉल होलकडे ढकलायचे शॉट). त्यात सात वेळा तीन पुट. चार बॉल हरवले नाहीतर हद्दीबाहेर गेले, सगळे ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायचा क्लब). आता बॉल हरवला की नुसता एक शॉट जात नाही, परत टीवरून मारायला लागतो आणि तो तिसरा शॉट धरतात, म्हणजे चार बॉलचे आठ शॉट तिथेच गेले. शोधायला पण आता तीनच मिनिटं मिळतात, २०१९ च्या आधी पाच मिळायची. शिवाय एका बंकरमध्ये चार शॉट. त्याने विचारलं, "यात स्विंग खराब म्हणून गेलेले किती आणि ठरवलंच चुकीचं म्हणून गेलेले किती?" मी भजी खात राहिलो.

मग कार्डाच्या मागे त्याने हिशोब मांडला. बोगी म्हणजे होलच्या पारपेक्षा एक शॉट जास्त, डबल बोगी म्हणजे दोन. १०८ म्हणजे प्रत्येक होलवर डबल बोगी. ९९ म्हणजे नऊ होलवर बोगी आणि नऊ होलवर डबल बोगी. एकही पार नाही! मी चार वर्षं पार मारायच्या नादात आठ आठ, नऊ नऊ करत होतो आणि इथे शंभरच्या आत यायला एकही पार लागतच नाही म्हणे. ३८० यार्डचा पार चार घ्या, माझा सात नंबर सरासरी १२८, तीनदा मारला की ३८४, ग्रीनवर पोचलो, दोन पुट, बोगी. दुसऱ्या सेशनला त्याने ड्रायव्हर गाडीतच ठेवायला लावला. नियमाने बॅगेत १४ क्लब चालतात, मी नऊ घेऊन गेलो. इतकं कंटाळवाणं गोल्फ मी आयुष्यात खेळलो नसेन, बरोबरचे दोघं हसत होते, एक जण म्हणाला काय रे गोट्या खेळतोयस का, आणि मी १०१ मारले. त्या दिवशी एक बॉल हरवला. एकच.

आता कोणी म्हणेल की मग अंतर महत्त्वाचं नाहीच का. आहे, मोठ्या पातळीवर फार आहे, लांब मारणाऱ्याला फायदा होतोच, कोचनेच सांगितलं. पण माझ्यासारख्याचा प्रश्न लांबीचा नाही, बॉल खेळात ठेवायचा आहे. आणि टोकियो ऑलिम्पिक आठवा, ७ ऑगस्ट २०२१, शनिवार, सकाळी सकाळी अख्खा देश एकदम गोल्फ बघायला बसला होता, ज्यांना बोगी म्हणजे रेल्वेची बोगी माहिती ते पण. अदिती अशोक चौथी आली, ब्राँझ एका शॉटने हुकलं. ड्राइव्ह किती लांब जातो या यादीत ती ६० जणींमध्ये जवळपास तळाला होती, आणि पुटिंगमध्ये सगळ्यात वर. माझ्या बायकोने एकदा विचारलं होतं, ही एवढीशी मुलगी मारते आणि तुझा बॉल का जात नाही. असो.

पुटिंगवरून आठवलं. मला वाटायचं आठ फुटांचा पुट चुकला की आपण नालायक. कोच म्हणाला अमेरिकेच्या टूरवरचे प्रो आठ फुटांवरून साधारण निम्मेच घालतात. निम्मे! हे ऐकून जे हलकं वाटलं ना, कारण तो पुट चुकला की रागाने पुढचा दोन फुटांचा पण घालवायचो मी. त्याने सांगितलं लांबच्या पुटला होल विसरा, मोठ्या परातीएवढी जागा धरा आणि बॉल तिथे नेऊन थांबवा, आणि तीन फुटांचे मात्र डोळे मिटून जायला पाहिजेत. त्यासाठी होमवर्क, होलच्या भोवती तीन फुटांवर सहा बॉल गोल मांडायचे, ओळीने वीस घालायचे, एक चुकला की परत एकपासून. एकोणिसाव्याला हात थरथरतो, खरंच सांगतो, आणि तेच हवं असतं. घरी मी फुलपात्र आडवं ठेवून करतो. होल सव्वाचार इंचाचं असतं, फुलपात्राचं तोंड त्याहून बारीक, त्यामुळे ग्रीनवर गेलं की होल बादलीसारखं दिसतं. फरशीवर करू नका मात्र, फार पळतो बॉल, सतरंजी टाका. आई रोज रात्री दहा वाजता आतून ओरडते, काय पडलं रे.

रेंजवरची प्रॅक्टिस पण पूर्ण बदलायला लावली. मी काय करायचो, शंभर बॉलची बादली, ड्रायव्हर, धाड धाड धाड, चाळीस मिनिटांत खलास, घाम आला म्हणजे प्रॅक्टिस झाली. त्याने तासाला ४० बॉल ठरवून दिले. आणि एकच क्लब लागोपाठ दोनदा वापरायचा नाही. डोळ्यासमोर एखादा कोर्स आणायचा, पहिला होल, टीवरून हायब्रिड, मग तो जिथे गेला असता तिथून सात नंबर, मग वेज (जवळच्या शॉटचा क्लब), मग दुसरा होल. प्रत्येक बॉलच्या आधी मागे जायचं, कुठे मारायचा ते ठरवायचं, एक श्वास, मग पुढे येऊन मारायचा, उभं राहून विचार करायचा नाही. सुरुवातीला फार चिडचिड होते कारण लय लागत नाही, लागोपाठ दहा सात नंबर मारले की शेवटचे पाच सुंदरच जातात आणि माणूस खूश होऊन घरी जातो. पण कोर्सवर दहावा सात नंबर नसतोच हो, तिथे पहिलाच असतो, तोसुद्धा तो क्लब वीस मिनिटांपूर्वी शेवटचा हातात घेतलेला असताना. हे शहाणपण १८,००० रुपयांचं आहे माझ्या मते.

डोक्याच्या बाबतीत त्याने फार प्रवचन दिलं नाही, दोनच गोष्टी. एक, बेरीज शेवटच्या होलनंतर करायची. मी पंधराव्या होलवर गुपचूप बेरीज करायचो, अरे बापरे आज होणार वाटतं, आणि सोळाव्यावर नऊ. दुसरी म्हणजे कार्डावर स्कोअरच्या शेजारी अजून एक रकाना, त्यात फक्त हो किंवा नाही, या होलवर प्रत्येक शॉट मारायच्या आधी ठरवून मारला का. शॉट कसा गेला ते नाही लिहायचं. पहिल्यांदा १८ पैकी माझे सहा हो आले. सहा! म्हणजे बारा होलवर मी कुठे ना कुठे नुसताच हवेत हात फिरवत होतो. आता तेरा चौदा येतात. रागाबद्दल एकदा विचारलं तर म्हणाला क्लब बॅगेत परत जाईपर्यंत चिडा, पुढे नाही. आमच्या नेहमीच्या कॅडीदादांचं याहून सरस आहे, मी एकदा झाडीकडे बघत उभा होतो तर म्हणाले, "साहेब, बॉल गेला. तुम्ही पण जाताय का त्याच्याबरोबर?"

रिझल्ट सांगतो, उगाच फुगवून नाही. पॅकेज संपून चार महिने झाले. खारघरला सिडकोचा कोर्स आहे, डोंगराच्या कुशीत, मेंबर नसलात तरी पैसे भरून खेळता येतं, तिथे मुद्दाम गेलो कारण अनोळखी जागी कळतं शिकलोय की पाठ झालंय. चढउतार जबरी आहेत, १०४ झाले. मग आपल्याकडे १०१, ९८ (!!!), परत १०६, ९७. १०६ ला खूप वाईट वाटलं होतं पण २०२० पासूनच्या नव्या पद्धतीत हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) शेवटच्या २० राऊंडमधल्या सगळ्यात चांगल्या आठांवर निघतो, म्हणजे तो तुमची सरासरी सांगत नाही, तुम्ही चांगल्या दिवशी काय करू शकता ते सांगतो, त्यामुळे १०६ गेले उडत. पहिल्यांदा ९८ आले तेव्हा सतराव्यापर्यंत मला खरंच माहीत नव्हतं किती झालेत. कार्ड कॅडीदादांकडे देऊन टाकलं होतं.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे, कौतुकसोहळा नाही. पॅकेजची मुदत तीन महिने, मी घेतलं मेमध्ये, जून अर्धा झाला आणि पाऊस सुरू, गवताचा भाग बंद, कोर्सवर चिखल, बॉल पडला की जागीच रुततो. मुदत वाढवून द्या म्हणलं तर पॉलिसी नाही. शेवटी चार फोन आणि एकदा काउंटरवर आवाज चढवल्यावर पंधरा दिवस वाढवले, उपकार केल्यासारखे. दुसरं, माहितीपत्रकात लिहिलंय की प्रत्येक सेशनचा स्विंग व्हिडिओ विश्लेषणासह मिळेल. मला दहामध्ये दोन मिळाले, त्यातला एक दुसऱ्याच कोणाचा, कुणीतरी डावखुरे काका होते. शनिवारचा सकाळचा स्लॉट शुक्रवारी रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर बदलतात आणि आपण बघितलं नाही तर "नो शो" धरून सेशन कापतात, माझं एक असंच गेलं, म्हणजे खरं तर हा नऊ सेशनचा रिव्ह्यू आहे. पार्किंगला सावली नाही.

तर कोणी घ्यावं? तुम्ही नवीनच असाल, क्लब कसा धरायचा इथपासून सुरुवात असेल, तर एवढ्या लांब जायची गरज नाही, जवळ जो कोणी नीट कोच मिळेल त्याच्याकडे चार सेशन घ्या. कॉलेजातली पोरं, ज्यांना पुढे टूर्नामेंट खेळायच्यात, त्यांना ही जागा कमी पडेल, तिथे बॉलचा वेग बिग मोजणारी मशीन वगैरे काही नाही. पण माझ्यासारखे, तीन चार वर्षं खेळून शंभराच्या वर अडकलेले, व्हिडिओ बघून बघून डोक्याचा भुगा झालेले, त्यांनी डोळे झाकून घ्यावं आणि पहिल्या दिवशीच कोचला सांगावं की स्विंगची सेशन कमी करा, मला कोर्सवर न्या.

मी परत घ्यायला गेलो होतो गेल्या आठवड्यात, फक्त कोर्सवरची दोन सेशन. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या ती सुटी मिळत नाहीत, पॅकेजच घ्यायला लागेल. म्हणलं मॅडम, दहामधली तीच तर कामाची आहेत. त्यांनी रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिल्यासारखं केलं. तुमच्यापैकी कोणी गेलंच तर तुम्ही पण विचारा, चार जणांनी विचारलं तर कदाचित देतील. आणि दुपारी चारनंतर जाणार असाल तर डावीकडच्या शेवटच्या तीन बे (उभं राहून मारायच्या जागा) घेऊ नका, ऊन सरळ डोळ्यात येतं, बॉल कुठे गेला ते दिसतच नाही.

कोचला पाचपैकी पाच, ऑफिसला एक, भज्यांना साडेचार.